चिमटा, कोनसेट आणि सातपुड्याचे घाट

मोटारसायकलीचे पुढचे चाक वजन पेलते, धक्के खाते आणि गाडीला वळवते. ब्रेक दाबला की मागच्या चाकावरचा बराचसा भारही त्याच्याच अंगावर येतो. मोटारीत ही कामे निरनिराळ्या सांध्यांवर वाटलेली असतात. दुचाकीत मात्र ती सगळी चासीच्या पुढच्या टोकाशी असलेल्या स्टिअरिंगच्या एका जाडजूड नळीतून जातात. त्या नळीत दोन बेअरिंगे, तिच्या वर आणि खाली एकेक 'टी', त्या दोन टींत अडकवलेले दोन शॉकअप आणि शेवटी चाकाचा आस, एवढाच हा संसार. जुन्या गाडीचे इंजिन मिस्त्रीकडून नवे करून घ्यायचे, टाकीला रंग द्यायचा, क्रोम चकाकवायचे आणि हा संसार तसाच ठेवायचा, ही आपल्याकडची सर्रास रीत आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पारखणारा माणूस आयाळ पाहण्याआधी पुढचे पाय चाचपतो. जुनी मोटारसायकल घेणारा बहुधा आयाळच पाहतो.

नंदुरबार जिल्ह्यात ही चूक फार दिवस झाकून राहत नाही. दक्षिणेला तापीकाठची काळी जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता सपाट राहत नाही. त्यात लांबलांब उंचवटे आणि खोलगे तयार होतात. गळिताच्या हंगामात शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघाल्या की रस्त्याची आणखी परीक्षा होते. उत्तरेला सातपुडा उभा आहे. शहाद्याहून तोरणमाळला, तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला, अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने मोलगीला जाणारे रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे आहेत, आणि पावसाळ्यानंतर त्यांच्या कडा खचलेल्या असतात. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंच आहे. म्हणजे एकाच दिवसाच्या फेरीत गाडीच्या पुढच्या भागाला दोन वेगळे प्रश्न विचारले जातात: सपाटीवर सावकाश, लांब झोके, घाटात आखूड, तीक्ष्ण दणके आणि उतारावरचा सततचा ब्रेक. पुढे जे काही बदल सांगायचे आहेत ते या दोन प्रश्नांना धरूनच पारखावे लागतात.

आजची सरळ नळ्यांची रचना हीच पहिली रचना नव्हे. मोटारसायकलीच्या सुरुवातीच्या दशकांत गर्डर चिमटा होता: सायकलच्या चिमट्यासारखा एक मजबूत सांगाडा, तो चार आखूड पट्ट्यांवर वरखाली होई, समोर एक स्प्रिंग आणि झोके थांबवायला घर्षणाच्या चकत्या. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा म्हणजे टेलिस्कोपिक चिमटा डेन्मार्कच्या निंबसने १९३४ मध्ये आणला. त्यात तेलाने झोका शोषण्याची सोय घालून बीएमडब्ल्यूने तो १९३५ च्या आर १२ वर दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर तोच जगभर रूढ झाला. पण सगळ्यांनी तो मान्य केला नाही. अर्नेस्ट अर्ल्स या इंग्रज अभियंत्याने चाकामागे खीळ असलेल्या आडव्या दांड्याचा चिमटा काढला, आणि खुद्द बीएमडब्ल्यूने १९५५ पासून १९६९ पर्यंत आपल्या गाड्यांना तो वापरला.

हा इतिहास खानदेशात परका नाही, कारण त्याच कुळातला चिमटा आपल्या रस्त्यांवर दुधाच्या कॅन घेऊन फिरला आहे. एस्कॉर्ट्सने फरिदाबादला बनवलेली १७३ सीसीची राजदूत ही पोलंडच्या एसएचएल एम ११ या गाडीच्या आराखड्यावरून आली, आणि तिच्याबरोबर तो आडव्या दांड्याचा चिमटाही आला. पुढे कंपनीनेच एक्सेल टी या मॉडेलला टेलिस्कोपिक शॉकअप दिले. राजदूतच्या पुढच्या भागात काय सुधारणा करता येईल, या प्रश्नाला कारखान्यानेच दिलेले ते एक उत्तर होते. त्याच्या जोडीला मैसूरच्या आयडियल जावाच्या जावा आणि येझदी, आणि १९५५ पासून मद्रासेत जुळणी होऊ लागलेली बुलेट. जुन्या गाड्यांची आपली दुनिया मुख्यतः या तीन घरांची आहे.

कोणताही भाग बदलण्याआधी एक गणित समजून घ्यावे लागते. स्टिअरिंगची नळी उभी नसते, मागे झुकलेली असते. जुन्या गाड्यांत हा झुकाव बहुधा सत्तावीस अंशांच्या आसपास असतो. त्या नळीची रेघ जमिनीपर्यंत वाढवली तर ती चाक जिथे टेकते त्याच्या पुढे टेकते. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. याच अंतरामुळे हँडल आपोआप सरळ होते. ट्रेल जास्त असेल तर गाडी सरळ रस्त्यावर स्थिर पण वळणात जड. कमी असेल तर वळायला चपळ पण वेगात बावरलेली. ट्रेल तीन गोष्टींवर ठरतो: नळीचा झुकाव, चाकाची त्रिज्या, आणि दोन टींनी शॉकअप नळीच्या किती पुढे धरले आहेत ते अंतर, म्हणजे ऑफसेट.

उदाहरणासाठी बुलेटसारखी एक गाडी घेऊ. पुढे १९ इंची रिम आणि ३.२५ चा टायर, म्हणजे त्रिज्या साधारण ३२३ मिलिमीटर. झुकाव २७ अंश आणि ऑफसेट ५० मिलिमीटर धरले तर ट्रेल येतो सुमारे १०८ मिलिमीटर. आता कोणी तिला नव्या गाडीचे १७ इंची चाक बसवले, आणि त्याबरोबर आलेले शॉकअप ३० मिलिमीटरने आखूड निघाले. त्रिज्या २९३ झाली. गाडीचे नाक जवळपास ५७ मिलिमीटर खाली गेले. दोन चाकांतले अंतर १३७० मिलिमीटर असल्यामुळे सगळी चासी पुढे कलली आणि झुकाव अडीच अंशांच्या आसपास घटला. जुनीच टी ठेवली असेल तर ट्रेल १०८ वरून ७९ वर येतो. एवढ्या फरकाने ही गाडी गावात हलकी, लाडकी वाटेल आणि महामार्गावर ट्रकच्या शेजारून जाताना हँडल थरथरायला लागेल. नव्या गाडीच्या टीचा ऑफसेट कमी, समजा ३२ मिलिमीटर असेल, तर तीच टी वापरल्यावर ट्रेल पुन्हा ९९ पर्यंत सावरतो. म्हणून शॉकअप एका गाडीचे, टी दुसरीची आणि चाक तिसरीचे, अशी जुळवाजुळव कधी करू नये. पुढचा भाग घ्यायचाच असेल तर आसापासून वरच्या टीपर्यंत एकाच गाडीचा अखंड घ्यावा, आणि बसवण्याआधी कागदावर हे गणित मांडावे. जुन्या छोट्या चाकाच्या जावाला मोठी रिम बसवताना हेच उलट दिशेने होते: ट्रेल वाढतो आणि हँडल जड होते.

मात्र बहुतेक जुन्या गाड्यांना अशा अदलाबदलीची गरजच नसते. त्यांना दुरुस्तीची गरज असते, आणि ती स्टिअरिंगच्या नळीतून सुरू होते.

नळीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी वाट्या आणि कोन, त्यांच्यामध्ये सुटे छर्रे. गॅरेजमध्ये या सगळ्याला मिळून कोनसेट म्हणतात. गाडी आयुष्यातला बहुतेक काळ सरळ चालते, म्हणून खड्ड्याचा प्रत्येक दणका छर्ऱ्यांना वाटीच्या त्याच त्या जागी बसतो. काही वर्षांत तिथे खळगे पडतात. गाडी मेन स्टँडवर लावून पुढचे चाक उचलावे आणि हँडल एका बोटाने हळूहळू फिरवावे. मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडकले तर कोनसेट गेला. मग शॉकअप खालून दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढावेत; कट असा आवाज आला तर तो ढिला आहे. खाच पडलेला कोनसेट घट्ट आवळून चालवणे हा गावोगावचा तोडगा, पण त्याने आजार वाढतो: हँडल मध्यात अडकते, चालवणारा नकळत सतत दुरुस्ती करत राहतो आणि गाडी सरळ रेषेत जाण्याऐवजी नागमोडी जाते.

इथे करण्यासारखी खरी सुधारणा म्हणजे निमुळत्या रोलरची बेअरिंगे. छर्रा वाटीला एका बिंदूत टेकतो, रोलर एका रेषेत. तोच दणका जास्त पृष्ठभागावर वाटला जातो आणि खळगे पडायला फार काळ लागतो. अमेरिकेत हेन्री टिमकेनने १८९८ मध्ये ज्या बेअरिंगचे पेटंट घेतले त्याच जातीचे हे, आणि बुलेट-येझदीसाठी त्याचे तयार संच मिळतात. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष हवे. जुन्या वाट्या ठोकून काढताना नळीच्या आतल्या कडा खराब होऊ नयेत. आणि नव्या बेअरिंगची उंची वेगळी असेल तर खालची टी थोडी खाली बसते, मग हँडलची टोकाची अडण किंवा कुलूप जुळत नाही. घट्टपणाही छर्ऱ्यांच्या हिशेबाने करू नये. रोलर बेअरिंग आधी थोडे जास्त आवळून, हँडल दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवून बसवून घ्यावे, मग सैल करून हलक्या दाबावर ठेवावे. चाक हवेत असताना हँडल मध्यापासून किंचित ढकलले तर ते स्वतःच्या वजनाने टोकाकडे गेले पाहिजे, पण आपटता कामा नये. शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी करावीच.

जुन्या गाड्यांच्या हँडलवर मध्ये एक मोठी फिरकी असे. ती आवळली की खालच्या चकत्या घासत आणि हँडल जड होई. साइडकार ओढताना तिचा उपयोग होता. एकट्या गाडीत हँडल थरथरते म्हणून ती आवळणे, किंवा त्याच कामासाठी आजकाल मिळणारा तेलाचा डँपर लावणे, म्हणजे ताप न शोधता कपाळावर पट्टी ठेवणे. थरथर बहुधा कोनसेट, चाकाचे बेअरिंग, आऊट झालेली रिम, झिजलेला टायर किंवा मागच्या चिमट्याचे सैल बुश यांतून येते.

कोनसेटनंतर शॉकअप. जुन्या टेलिस्कोपिक शॉकअपची रचना साधी असते: वरची क्रोम केलेली नळी, खालची बाहेरची नळी, त्यांच्यामध्ये बुश, तोंडाशी ऑईल सील, आत लांब स्प्रिंग आणि तळाशी भोके पाडलेला एक दांडा. नळ्या सरकतात तेव्हा तेल त्या भोकांतून जाते आणि झोका शोषला जातो. यातली नळी आधी तपासायची. ती वाकली आहे की नाही हे सपाट काचेवर लोळवून कळते. किंचित वाक थंड अवस्थेत प्रेसवर निघतो. टॉर्चने तापवून सरळ केलेली नळी पुन्हा वाकते, तीही कमी दणक्यात. क्रोमला खड्डे पडले असतील तर कितीही सील बदलले तरी तेल गळतच राहते. अशी नळी घासून, हार्ड क्रोम चढवून, पुन्हा ग्राइंड करून घेणे हा सरळ मार्ग आहे. पूर्वीच्या गाड्यांना नळ्यांवर रबरी गेटर असत ते शोभेसाठी नव्हते. खानदेशातल्या उन्हाळी धुळीत उघडी नळी ठेवणे हा आधुनिक दिसण्याचा हट्ट आहे. सीलच्या ओठाला धूळ चिकटते आणि तीच पुढे क्रोम घासत बसते.

आता त्या भोकांच्या दांड्याबद्दल, कारण सातपुड्याचा आणि तापीकाठचा झगडा नेमका तिथेच आहे. ठरावीक भोकातून तेल जाताना जो विरोध होतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: सरकण्याचा वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. काळ्या मातीवरच्या रस्त्याच्या लांब झोक्यांत नळ्या सावकाश सरकतात, विरोध नगण्य असतो, आणि गाडीचे नाक डुलत राहते. चांदसैलीच्या वळणावरच्या खड्ड्यात त्याच नळ्या झटकन आत जातात, विरोध एकदम भिंतीसारखा उभा राहतो आणि दणका मनगटात येतो. घट्ट तेल घातले तर डुलणे कमी होते, दणका वाढतो. पातळ घातले तर उलट. शिवाय मे महिन्यात नंदुरबारच्या चाळिशीपार उन्हात तेल आणखी पातळ होते. दोन्ही दुखण्यांवर तेलाचा एकच क्रमांक औषध होऊ शकत नाही.

यावरचा तोडगा दांड्याच्या वर बसणारी स्प्रिंगदार झडप. अमेरिकेतल्या रेस टेकने तिला कार्ट्रिज इम्युलेटर म्हटले आणि ती जगभरच्या जुन्या गाड्यांत गेली. तिची युक्ती अशी की दांड्याची भोके मोठी करून त्यांचा विरोध जवळजवळ संपवायचा आणि ते काम झडपेकडे द्यायचे. तेल सावकाश आले तर झडप बंद राहते आणि छोट्या वाटेने विरोध करते. तेल धडकून आले तर झडप उघडते आणि वाट देते. बाहेरून शॉकअप मूळचाच दिसतो, ही तिची दुसरी थोरवी. मात्र ती घ्यायच्या आधी नवे बुश, नवे सील आणि योग्य स्प्रिंग हवी. झिजलेल्या बुशांत बसवलेली महागडी झडप म्हणजे पैशाचा चुराडा.

स्प्रिंग निवडताना आधी चालवणाऱ्याचे वजन पाहावे. माणूस गाडीवर बसल्यावर पुढचा शॉकअप त्याच्या एकूण हालचालीच्या सुमारे एक तृतीयांश दबला पाहिजे. १२० मिलिमीटर हालचाल असेल तर चाळीसच्या आसपास. नळीला पातळ प्लॅस्टिकची पट्टी बांधून हे मोजता येते. जास्त दबत असेल तर स्प्रिंगवर वॉशर घालून आवळण्याने उंची मिळते, कडकपणा मिळत नाही. स्प्रिंगच थकली असेल तर ती बदलावीच लागते. उतारावर याचे महत्त्व कळते. गाडी आणि माणूस मिळून अडीचशे किलो, गुरुत्वाच्या निम्म्या जोराचा ब्रेक, वजनाचा मध्य जमिनीपासून साठ सेंटिमीटर, असा ढोबळ हिशेब केला तर सुमारे ५५ किलो भार मागून पुढे जातो. दोन्ही स्प्रिंगांचा मिळून कडकपणा दर मिलिमीटरला एक किलो असेल तर नाक आणखी ५५ मिलिमीटर खाली जाते. बसल्यावरचे चाळीस धरले तर खड्ड्यासाठी उरले पंचवीस. घाटात याच क्षणी खड्डा येतो.

गंमत अशी की राजदूतच्या मूळ चिमट्याला हा दोष नाही. आडव्या दांड्याच्या रचनेत ब्रेकचा जोर दांड्याला वर ढकलत नाही, उलट नाक उचलून धरतो. ट्रेलही फारसा बदलत नाही. कॅन लावलेली गाडी उतारावर नाक खुपसत नसे, ते याच्यामुळे. बदल्यात हँडलभोवती पुष्कळ लोखंड फिरते, वळवणे जड होते, आणि दांड्याच्या खिळीचे बुश ग्रीसवाचून झिजले की चाक डावी-उजवीकडे हलते. एक्सेल टीचे शॉकअप बसवणे शक्य आहे, आणि एकाच घराण्याची गाडी असल्याने ते त्यातल्या त्यात सुरक्षित. पण नवे बुश लेथवर करून घेतलेला, ग्रीस भरलेला मूळ चिमटा आणि दोन चांगले छोटे शॉकअप हे बहुतेक मालकांना अधिक उपयोगी पडेल. तो हलका नाही, पण तोरणमाळहून उतरताना तो खरा ठरतो.

बुलेटच्या बाबतीत अदलाबदलीला आणखी एक अडसर आहे. तिचा हेडलाइट, स्पीडोमीटर आणि दोन छोटे पायलट दिवे ज्या ओतीव डोक्यात बसतात, ते डोके म्हणजेच तिची वरची टी. नवे शॉकअप आणले की ते डोके जाते, आणि त्याबरोबर गाडीचा चेहराही. डिस्क ब्रेकच्या मोहापायी अनेकांनी हा सौदा केला आहे. डिस्क ड्रमपेक्षा सरस थांबवते यात वाद नाही. पण जुन्या पातळ नळ्यांवर एकाच बाजूला डिस्क बसवली तर ब्रेकचा पीळ एकाच नळीला सोसावा लागतो आणि गाडी एका अंगाला ओढते. ज्याला मूळ रूप राखायचे आहे त्याने ड्रम लेथवर गोल करून, शूज ड्रमच्या मापाला घासून घ्यावेत. घाटात चांगल्या शूजचा ड्रम आणि इंजिन ब्रेक मिळून पुरतात.

सगळे जुळल्यावर चाके एका रेषेत आहेत का हे दोन्ही बाजूंनी दोरा ताणून पाहावे, आणि पहिली चाचणी घाटात करू नये. नंदुरबारहून प्रकाशाकडे, मग शहाद्यापर्यंत सपाटीवर जाऊन परत यावे, नट पुन्हा आवळावेत, तेल गळते का पाहावे. त्यानंतर तोरणमाळ. सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ किंवा दिल्लीचा करोल बाग गाठावा लागतो.

राहिला कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून इथल्या जुन्या गाड्यांची कागदपत्रे धुळ्याच्या नावाची असतात आणि एमएच ३९ ची नोंद नंतरची. कागद आधी तपासून ठेवावेत. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत व्हिंटेज वाहनांची वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या, खासगी वापराच्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेल्या वाहनाला 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. स्टिअरिंगची नळी कापून किंवा नवी वेल्ड करून केलेला बदल चासीतला बदल ठरतो आणि तो परत फिरवता येत नाही. नुसते बोल्ट सोडून केलेला बदल परत फिरवता येतो. सत्तरच्या दशकातल्या राजदूत, येझदी आणि बुलेट आता एकेक करून पन्नाशी ओलांडत आहेत. म्हणून मालकांना एकच सांगणे: काढलेला मूळ चिमटा, टी आणि चाक भंगारात देऊ नका, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून घरातच ठेवा.